ग्राफीनला अक्षत

शिरोलीच्या भूपालशेठ मगदुमांच्या कारखान्यात ग्राफीन रुसलं, तेव्हा ॲल्युमिनियमने रीतसर बैठक मागितली.

ग्राफीन म्हणजे कोळशाच्याच कुळातलं, पण अणूएवढ्या जाडीचा पापुद्रा. ॲल्युमिनियमच्या भुकटीत चिमूटभर मिसळायचं, दाबायचं, भट्टीत भाजायचं, की साधी हलकी दांडी पोलादाकडे मान वर करून बघते. शेठ हे पुस्तकातून कमी आणि धातूंशी बोलून जास्त शिकले होते. पण त्यांची दांडी प्रत्येक वेळी ओढताना तुटत होती. पंपवाले इनामदारसाहेब म्हणून गेले होते, की सोमवारी तुटली तर काम दुसऱ्या राज्यात देतो, तुमच्याकडचा माल ढिला. माल ढिला म्हटलेलं शेठना चाललं असतं. 'तुमच्याकडचा', म्हणजे सगळ्या शिरोलीचाच, हा शब्द घशात अडकला.

बैठकीला कारखान्याच्या धातुतज्ज्ञ रेणुका कुंभोजे यांनी सूक्ष्मदर्शक लावला. तुटलेल्या जागी ग्राफीन सगळं एका कोपऱ्यात गोळा होऊन बसलं होतं, जानवशावर तोंड फिरवून बसलेल्या वऱ्हाडासारखं.

ॲल्युमिनियमच्या वतीने एक थोराड कण बोलला. "ही मंडळी आपापसांतच बसतात. ओढ आली की आम्ही एकटे पडतो."

ग्राफीनला विचारलं. ते म्हणालं, "बोलावलं कुणी होतं? पिशवी फाडली आणि ओतलं."

शेठनी कपाळावर हात मारला. ॲल्युमिनियमला मानाचा नारळ देऊन आणलं होतं, आणि ग्राफीनला साधी अक्षत नाही. त्यांच्या आतेबहिणीच्या लग्नात हेच झालं होतं. हुपरीचं वऱ्हाड मानपानावरून एका भिंतीला चिकटून बसलं. शेठच्या आत्याने पंगतच उठवली आणि पुन्हा मांडली, एक पान इकडचं, एक तिकडचं. भात यायच्या आत दोन्हीकडचे एकमेकांच्या पानात वाढत होते.

"रेणुकाताई, पंगत तशीच मांडायची," शेठ म्हणाले.

"मांडू. पण आधी स्पिरिटमध्ये आंघोळ घालून त्यांना सुटं करावं लागेल," कुंभोजेबाई म्हणाल्या. "आणि माणसं मोजकीच बोलवा, शेठ. जास्त आली की पुन्हा घोळका करतील."

शेठना खरं तर दुप्पट ग्राफीन घालायचं होतं. व्यापारी माणूस, हात सैल. त्यांनी हात आवरला. डोक्याला टोपी घातली, पिशवीपुढे उभे राहिले आणि अक्षत ठेवून सहकुटुंब येण्याचं आमंत्रण दिलं. ग्राफीनने मुहूर्त विचारला. बाईंनी भट्टीचं तापमान सांगितलं. ते पटलं.

सोमवारी इनामदारसाहेब स्वतः आले. नवी दांडी ओढायच्या यंत्रात दोन्ही टोकांनी आवळली. काटा आधीच्या दांड्या तुटायच्या त्या खुणेवर आला, पुढे गेला, साहेबांनी मागितलेल्या आकड्याच्याही पुढे गेला. शेठ यंत्राकडे बघत नव्हते, साहेबांकडे बघत होते. शेवटी दांडी तुटली, तशी प्रत्येकच दांडी तुटते, पण इतक्या उशिरा की साहेबांचा चहा गार झाला होता.

बाईंनी तुटलेली जागा दाखवली. ग्राफीनचे पापुद्रे भेगेत ताणून उभे होते, बोटं ॲल्युमिनियममध्ये रुतलेली.

"तुटलो," थोराड कण म्हणाला, "पण हात सोडला नाही कुणी."

साहेब म्हणाले, "मगदूम, काम तुमचंच. तुमच्याकडचा माल वेगळाच आहे."

'तुमच्याकडचा' हा शब्द शेठनी दुसऱ्यांदा ऐकला आणि या वेळी नीट गिळला.

रिवाजाप्रमाणे साहेबांकडून आहेर आला, दोन टोप्या, एक वरपक्षाला आणि एक वधूपक्षाला. पण तुटलेल्या दोन तुकड्यांपैकी ॲल्युमिनियमचा कुठला आणि ग्राफीनचा कुठला, हे सूक्ष्मदर्शकालाही सांगता येईना. दोन्ही तुकडे म्हणाले, आमच्यात दोन्ही पक्ष आहेत.

इनामदारसाहेबांनी निमूटपणे माणूस पाठवून आणखी दोन टोप्या मागवल्या.