हलके होऊ मंडळाच्या किल्ल्या

गुरुवारच्या बैठकीत ताईंनी जाहीर केलं, की माणसाच्या मनावर भरवसा ठेवण्याचे दिवस संपले. हलके होऊ मंडळाच्या प्रत्येक सभासदाने घरातलं सगळं गोडधोड एका कपाटात कोंबायचं, कपाटाला कुलूप ठोकायचं आणि किल्ली दुसऱ्याच्या हवाली करायची.

"दुसऱ्याच्या म्हणजे कुणाच्या?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

सहाही माना एकदम कुलूपवाल्याकडे वळल्या. तो बिचारा इतका हरखला, की त्याच्याखालची खुर्चीसुद्धा करकरली. खाण्याच्या बाबतीत त्याच्यावर आजवर कुणी विश्वास टाकला नव्हता. त्याची बायको साखरेचा डबा शेजाऱ्यांच्या घरी ठेवायची. ज्याला तारेच्या तुकड्याने तिजोरी उघडता येते, त्याच्या घरात कुलूप लावणं म्हणजे लोखंडाची नासाडी, असं तिचं म्हणणं होतं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

त्याला वजन उतरवायची गरजही सगळ्यात मोठी होती. मंडळातला सुपरवायझर एका नव्या इमारतीचं काम बघत होता. दोनशे बारा दरवाजे, म्हणजे वर्षभराची ददात मिटली. पण सुपरवायझर स्पष्टवक्ता होता.

"मागच्या खेपेला तुम्ही दाराशी उकिडवे बसलात ते चौघांनी उचलेपर्यंत तिथेच होतात. लोक तुम्हाला वळसा घालून जात होते. पुढच्या गुरुवारी काट्याने नव्वदच्या खाली दाखवलं, तर सगळे दरवाजे तुमचे. नाहीतर मी दुसरा माणूस बघणार."

काटा त्या दिवशी नव्वद किलो चारशे दाखवत होता. चारशे ग्रॅम तर काय, जरा जोरात खोकलं तरी जातील, असं म्हणत कुलूपवाला घरी गेला. शुक्रवारी त्याने सहा घरी सहा कुलपं बसवली.

शनिवारी सकाळी ग्रंथपालबाईंचा दबक्या आवाजात फोन आला. चष्मा कपाटात राहिला होता. कुलूपवाला पोचला तेव्हा चष्मा त्यांच्या नाकावर होता.

"हा दुसरा," बाई म्हणाल्या. "उघडा लवकर."

कपाटातून केक निघाला. बाईंनी त्याचा एक तुकडा उभ्याउभ्याच खाल्ला. "उभ्याने खाल्लेलं अंगी लागत नाही," असं त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं, की कुठल्यातरी जाड पुस्तकात तसं छापलं असणार असंच वाटावं. मग त्यांना पश्चात्तापाने घेरलं. "उरलेला घेऊन जा हो. घरात राहिला तर माझं काही खरं नाही. आणि कुणाला सांगू नका."

"बाई, कुणाचं कुलूप उघडलं हे मी बायकोलाही सांगत नाही. धंद्याचा नियम आहे."

केक हत्यारांच्या पिशवीत गेला. अन्न टाकून देणं आईने त्याला शिकवलंच नव्हतं. घरी आल्यावर त्याने केककडे नुसतं पाहिलं, तर बाईंनी कापलेली कड वाकडी होती. वाकडी कड कुलूपवाल्याला सहन होत नाही. त्याने सुरीने ती सरळ केली आणि निघालेला चुरा तोंडात टाकला. मग दुसरी कड वाकडी दिसायला लागली. संध्याकाळपर्यंत केक चारी बाजूंनी अगदी काटकोनात आला होता आणि काडेपेटीएवढा उरला होता. काडेपेटीला काय केक म्हणायचं, असं म्हणून त्याने तोही संपवला.

रविवारी दातांच्या डॉक्टरांनी बोलावलं. लहान पेशंटांना द्यायच्या टॉफ्या कपाटात अडकल्या होत्या.

"आज रविवारी कुठले पेशंट, डॉक्टर?"

"पेशंट उद्या येतील. आज सराव." डॉक्टरांनी दोन टॉफ्यांचा सराव केला आणि बरणी त्याच्या हातात कोंबली. "न्या ही. दातांना फार वाईट."

सोमवारी नळदुरुस्तीवाल्याच्या कपाटातून म्हणे पाणी गळत होतं आणि शाळेतल्या बाईंच्या कपाटात मांजर अडकलं होतं. पाणी नव्हतं आणि मांजरही नव्हतं. एकीकडे बिस्किटं होती, दुसरीकडे जॅम. दोन्ही पिशवीत एकत्र आल्यावर जे व्हायचं तेच झालं.

"अहो, हातोडी मागितली तर पिशवीतून बिस्किटं निघाली," बायको म्हणाली. "कामाला जाता की मेजवानीला?"

कुलूपवाल्याने जॅम लागलेली हातोडी पुसून तिच्या हातात दिली. नियम म्हणजे नियम.

मंगळवारी खुद्द सुपरवायझरने कुलपाच्या मजबुतीची तपासणी करायची म्हणून बोलावलं. तपासणीत चॉकलेटची अर्धी वडी संपली. उरलेल्या साडेपाच त्याने पुढे केल्या.

"साहेब, हे मी खाल्लं तर नव्वदच्या खाली कसा येणार?"

"मी कुठे खा म्हणतोय? फक्त घेऊन जा. इथे राहिल्या तर मी खाईन आणि मग मी कुठल्या तोंडाने तुम्हाला वजन कमी करा म्हणू?"

उन्हात पिशवीतलं चॉकलेट वितळलं आणि चाळीस किल्ल्यांना लागलं. तशा किल्ल्या कुलपात घालता येईनात, आणि फडक्याने पुसावं तर चॉकलेट वाया जाणार. कुलूपवाल्याने दुकानाचं दार लोटून घेतलं आणि चाळीसच्या चाळीस किल्ल्या चाटून लखलखीत केल्या.

बुधवारी ताईंचा फोन आला. "मला संयमाची परीक्षा घ्यायची आहे. माझीच. कपाट उघडून द्या."

ताई क्रीमरोलच्या खोक्यासमोर पाच मिनिटं ताठ बसल्या. "पाहिलंत? याला म्हणतात संयम." सहाव्या मिनिटाला त्यांनी दोन रोल फस्त केले, कारण परीक्षेनंतर सुट्टी असते. मग खोकं त्याच्याकडे सरकवून त्या म्हणाल्या, "मंडळाची अब्रू तुमच्या हाती आहे."

ती अब्रू घरी पोचेपर्यंत निम्मी झाली होती.

गुरुवारी वजनं झाली. घरातला खाऊच हद्दपार झाल्यामुळे सगळे उतरले होते. ग्रंथपालबाई सहाशे ग्रॅम, डॉक्टर चारशे, नळवाला, शाळेतल्या बाई आणि ताई पाचशे-पाचशे, सुपरवायझर सातशे. टाळ्या झाल्या. शेवटी कुलूपवाला डोळे मिटून काट्यावर चढला. त्र्याण्णव किलो सहाशे.

शाळेतल्या बाईंनी सवयीने बेरीज केली. "आपण सहाजण मिळून तीन किलो दोनशे कमी झालो. हे एकटे तीन किलो दोनशे वाढले. म्हणजे मंडळाचं वजन जिथल्या तिथे आहे. त्याने फक्त घर बदललं."

"काय खाल्लंत?" ताईंनी करड्या आवाजात विचारलं. "आणि आणलंत कुठून?"

सहा चेहरे पांढरेफटक पडले. कपाट आपणच एकट्याने उघडलं, असं प्रत्येकाला वाटत होतं. ताईंचा आवाज करडा असला तरी नजर मात्र गयावया करत होती. एक वाक्य बोलला असता तर कुलूपवाला सुटला असता. दोनशे बारा दरवाजे त्याच्या डोळ्यांसमोरून एकेक करून बंद होत गेले. त्याला रडू येत होतं.

"माझंच चुकलं," तो म्हणाला. "दिसेल ते खात सुटलो."

सहाजणांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मग अर्धा तास आळीपाळीने त्याला संयमावर ऐकवलं. दातांच्या डॉक्टरांनी तर टॉफ्यांचं नाव काढून झापलं. टॉफ्यांचं यांना कसं कळलं, हे कुणी विचारलं नाही.

जिन्यात सुपरवायझरने त्याला गाठलं. इकडेतिकडे बघत तो म्हणाला, "इमारतीचं काम सोमवारपासून चालू करा."

"साहेब, त्र्याण्णव झालेत. मला वाकता येत नाही."

"मग वाकू नका. पण इतकं पोटात ठेवणारा कुलूपवाला मला दुसरा कुठे मिळणार?"

इमारत आता भरली आहे. तिच्या दोनशे बारा दारांची कुलपं उभ्या माणसाच्या हनुवटीच्या उंचीवर आहेत. ठेंगणे भाडेकरू बाहेर पायपुसण्याबरोबर एक स्टूलही ठेवतात. हा काय प्रकार आहे म्हणून कुणी विचारलंच, तर सुपरवायझर गंभीर चेहऱ्याने सांगतो, "सुरक्षेसाठी."