कुळये सिस्टरांची गडग्याची चौकशी

आमच्या हॉस्पिटलात पेशंटला जो पहिला प्रश्न विचारला जातो, तो ऐकून नवे डॉक्टर घाबरतात. कोणाला धाप लागलेली असो, कोणाला सलाईन चालू असो, कुळये सिस्टर खाटेशी उभ्या राहणार, मनगट हातात घेणार आणि विचारणार, "काय हो, तुमच्या गडग्याचं काय झालं?"

गडगा म्हणजे आवाराभोवती रचलेली दगडांची भिंत. रत्नागिरीत ज्याला गडगा आहे त्याला भांडण आहे. शेजाऱ्याने, नाहीतर चुलतभावाने, तो वीतभर आत सरकवलेला असतोच. एका नव्या डॉक्टरांना आठवडाभर वाटत होतं की या बाई तलाठी कचेरीतून इकडे आल्यात.

"कसं वाटतंय?" हा प्रश्न आमच्या वॉर्डात बंद. सिस्टरांचं म्हणणं, "इथल्या माणसाला चितेवर ठेवलास तरी 'बरा हाय' म्हणेल. त्याला काय विचारायचं?" मंडणगडकडचा एक माणूस छातीत कळा घेऊन एसटीतून उभ्याने आला होता, आणि "बरा हाय, जरा पित्त झालाय" असं सांगता सांगता काउंटरपाशीच कोसळला. तेव्हापासून ते वाक्य चार्टवर लिहायलाही मनाई झाली.

गडग्याचं उत्तर मात्र खरं मिळतं. वेळणेश्वरचे एक निवृत्त मास्तर तापाने फणफणलेले. प्रश्न ऐकला मात्र, ताडकन उठून बसले आणि सुईसकट हात नाचवत पुतण्याच्या सात पिढ्या काढायला लागले. सलाईन निसटलं, चादरीवर रक्त सांडलं, मी धावले. सिस्टर मजेत! "भांडतोय ना? मग राहील." गडगा नसलेल्यांना त्या नळाच्या पाण्याबद्दल विचारत, बायकांना जावेबद्दल. एका मुंबईकराने शांतपणे "ते वकील बघतील" म्हटलं, तर बिचाऱ्याचं बीपी त्यांनी तीनदा मोजलं.

कोकलणाऱ्याला सोडून त्या नेहमी निमूट पडलेल्याकडे आधी जात. कोकलणाऱ्याचे नातेवाईक त्यांच्या नावाने बोटं मोडत. "ओरडायला दम लागतो," त्या म्हणत, "दम आहे तो थांबेल."

मला नोकरीला लागून वर्षच झालं होतं, आणि हे सगळं मला भारी विनोदी वाटायचं. मी त्यांची हुबेहूब नक्कल करायची, मनगट धरून, मान तिरकी करून. सगळा स्टाफ पोट धरून हसायचा. आता नाही करत.

हेदवीकडचे एक धोंडूबाबा तेव्हा आमच्याकडे होते. लघवीचं इन्फेक्शन, थंडी-ताप, लघवीला नळी आणि पिशवी लावलेली. पहिले दोन दिवस चुलतभावाचा असा उद्धार चालला होता की शेजारच्या खाटेवरचा माणूसही त्या चुलतभावावर चिडला. तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर डॉक्टरांबरोबर ऑपरेशनला आत गेल्या आणि वॉर्ड माझ्या एकटीवर आला. समोरच्या खाटेवर मुतखड्याचा एक तरणाबांड बागवाला गडाबडा लोळत होता. सोबत आई, दोन काका, आणि त्यातला एक काका मोबाइलवर माझं शूटिंग करत होता.

त्याच्याकडे जाता जाता मी धोंडूबाबांचं मनगट धरलं, मान तिरकी केली. "काय बाबा, गडग्याचं काय झालं?"

बाबा हसले. "जाव दे गो बाय. खाव दे त्याला. त्याची पन पोरंच हायत."

त्यांची बायको उशाशी मोसंबं सोलत होती. तिचे डोळे भरून आले होते. "आज सकाळपासना असंच बोलतायत. माजा हात धरलानी," ती म्हणाली. आजारपणात माणूस किती शहाणा होतो, असं काहीतरी माझ्या मनात आलं आणि मी त्या मुतखड्याकडे गेले. इंजेक्शन दिलं, आईला धीर दिला, काकांचा मोबाइल खाली करवला. पाऊण तास त्यातच गेला.

सिस्टर बाहेर आल्या. डोक्यावरची टोपीसुद्धा काढली नव्हती. मी चांगली बातमी सांगावी तसं हसून सांगितलं, "धोंडूबाबांनी गडगा सोडला हो!"

त्या धावल्या. सिस्टरांना मी त्याआधी कधी धावताना पाहिलं नव्हतं.

बाबांचे हात गार आणि घामेजलेले होते. बीपी सत्तर. लघवीच्या पिशवीत तळाला चार थेंब, आणि त्या पिशवीजवळून मी दोनदा गेले होते. इन्फेक्शन रक्तात उतरलं होतं. दोन्ही हातांना सलाईन लागलं, ऑक्सिजन लागला, डॉक्टर हातमोज्यांसकट धावत आले, मोठ्या हॉस्पिटलात न्यायला गाडी बोलावली. आणि सिस्टर त्यांच्या कानाशी वाकून ओरडत होत्या, "बाबा, तो गडगा फोडतोय! हातभर आत आलाय! उठा, शिव्या घाला त्याला!" वॉर्डातलं कोणी हसलं नाही. बाबा मात्र हसल्यासारखे दिसले. गाडी यायच्या आत, दुपारी दोनला ते गेले.

चादरींच्या खोलीत मी रडत बसले होते. सिस्टर आल्या तेव्हा विचारलं, "मी तेव्हाच बघितलं असतं तर वाचले असते का हो?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण पाऊण तास मिळाला असता आपल्याला."

मलम लावायची त्यांना सवयच नाही. नातेवाइकांनाही त्या तोंडावर खरं सांगतात. म्हणून बाहेर बाकड्यावर बाबांच्या बायकोने त्यांना हाक मारली तेव्हा मला धडकी भरली.

"बाय, सकाळी किती ग्वाड बोलले माज्याशी. चाळीस वर्सांत कदी असं बोलले नव्हते. ते मनापासना होतं, का आजारानं?"

सिस्टर तिच्याशेजारी बसल्या. "मनापासून होतं," त्या म्हणाल्या. "सकाळी अगदी शुद्धीत होते. तुमच्याशी बोलायचं राहिलं होतं, ते बोलून गेले."

तिने पदर डोळ्यांना लावला. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. सिस्टरांनी पुन्हा तेच, शब्दही न बदलता सांगितलं.

जिन्यात मला राहवेना. "खोटं कशाला सांगितलंत?"

सिस्टर पायरीवर बसल्या. चष्मा काढून त्यांनी मांडीवर ठेवला.

"आमचे हे जन्मभर माझ्यावर खेकसले. मग एकदा चार दिवस एकदम मऊ झाले. मला जवळ बसवून घ्यायचे. चहा छान झालाय म्हणाले. मी नर्स ना गो? पण मला नाही कळलं. मी आनंदाने शिरा केला. पाचव्या दिवशी गेले. तेव्हाच्या डॉक्टरांनी मला बसवून नीट समजावून सांगितलं, की बाई, ते सगळं आजाराने होतं, स्वभाव काही बदलला नव्हता." त्यांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. "खरंच होतं ते. पण सगळ्या संसारात माझे असे तेवढेच चार दिवस होते. नसतं सांगितलं, तर काय बिघडलं असतं गो?"