आज मी बॅग उचलणार

"आज मी बॅग उचलणार," चहाचा कप खाली ठेवत बद्रीनाथ म्हणाले.

यमुनाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "आधी कोपर उचला. भाजीत आहे."

बद्रीनाथांनी कोपर उचललं आणि तेच वाक्य पुन्हा, जरा खालच्या पट्टीत म्हटलं. सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेला हा माणूस. पण कुणाला तोंडावर "पुस्तक परत करा" म्हणाल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही. मुदत उलटून गेली की ते त्या मुलाच्या टेबलापाशी जाऊन नुसते उभे राहत आणि खोकत. खोकल्याचा उपयोग झाला नाही तर परत येऊन जागेवर बसत. असा माणूस बॅग उचलणार, म्हणजे गोगलगायीने कुणाच्या अंगावर धावून जायचं ठरवल्यासारखंच होतं.

बॅगेचं प्रकरण असं होतं. बिबवेवाडीत त्यांच्या घराजवळच्या एका मंडळाच्या सभागृहावर मोफत अभ्यासिका होती आणि निवृत्तीनंतर वेळ जावा म्हणून बद्रीनाथ ती सांभाळत. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं तिथे बसत. कुणी वाशीमचं, कुणी परभणीचं, कुणी सोलापूरचं. जाहिरात निघण्याची वाट बघायची, निघाली की परीक्षेची वाट बघायची, परीक्षा पुढे गेली की पुन्हा पहिल्यापासून. या वाट बघण्यात मुलांचे केस विरळ व्हायला लागले होते. खुर्च्या थोड्या आणि मुलं फार, म्हणून तिथे एक अलिखित कायदा होता. पहाटे येऊन खुर्चीवर काहीतरी ठेवायचं. बाटली, रुमाल, बॅग, काहीही. मग मालक आंघोळीला जावो, मेसमध्ये जावो, नाहीतर मांजरी गावाला मावशीकडे जावो. दिवसभर ती खुर्ची त्याची. एखाद्या बाटलीला इतका मान मिळायचा, की तेवढा माणसांनाही मिळत नसेल.

आणि त्याच वेळी बाहेर जिन्यावर मुलं उभ्याने वाचत. परभणीची राधा तर महिनाभर तिसऱ्या पायरीवरच होती. येताजाता तिच्या पुस्तकाला आपला पाय लागू नये म्हणून बद्रीनाथ भिंतीला चिकटून चढत, आणि दर खेपेला त्यांना मनातून शरम वाटे.

परवा मंडळाचे अध्यक्ष हिंमतराव येऊन बाटल्यांनी भरलेल्या त्या खुर्च्या बघून गेले होते. जाताना म्हणाले, "सर, बाटल्यांनाच बसवायचं असेल तर मी इथे जिम काढतो. बाटल्या तिथेही लागतात."

बद्रीनाथांनी मग सूचना लिहून लावली. पहिला मसुदा फार कडक वाटला, दुसरा उर्मट. तिसरा असा होता: 'एका तासाहून अधिक काळ जागा रिक्त राहिल्यास तेथील वस्तू बाजूला ठेवण्याचा विचार करण्यात येईल, याची कृपया नोंद घ्यावी ही नम्र विनंती.' मुलांनी ती वाचली आणि तिच्याखाली बाटल्या ठेवल्या.

म्हणून आज बॅग.

सकाळी अभ्यासिकेत येऊन बद्रीनाथ दाराजवळच्या आपल्या खुर्चीवर बसले आणि सावज हेरू लागले. खिडकीजवळच्या खुर्चीवर एक निळी बॅग एकटीच बसली होती. एका क्लासवाल्याने प्रवेशाबरोबर फुकट वाटलेली, पाठीवर 'यशोशिखर' छापलेली. निम्म्या पोरांच्या पाठीवर हेच शिखर होतं. तास झाला. बॅग जागची हलली नाही. बद्रीनाथांनी आणखी थोडा वेळ सूट दिली, ती बॅगेसाठी नव्हे, स्वतःसाठी. मग ते उठले, बॅग उचलली, बाहेर चपलांच्या मांडणीवर नेऊन ठेवली, आणि जिन्यावरच्या राधाला खुणेने आत बोलावलं.

राधा खुर्चीच्या अगदी कडेला बसली. "सर," ती कुजबुजली, "ती श्रद्धाताईची बॅग आहे. कुणी हात लावत नाही हो इथे."

"नियम म्हणजे नियम," बद्रीनाथ म्हणाले. हे वाक्य आपण म्हटलं याचा त्यांनाच इतका धक्का बसला की ते जागेवर जाऊन वर्तमानपत्राआड लपले. हळूहळू बरं वाटू लागलं. नवी चप्पल घालून चालणाऱ्यासारखं, थोडं चावत होतं, पण ऐट होती.

ती ऐट सुदर्शनने घालवली. सुदर्शन हा तिथला सगळ्यात जुना विद्यार्थी. इतक्या वेळा मुख्य परीक्षेत गळलेला, की आता त्याला कशाचंच आश्चर्य वाटत नसे. तो वाकून त्यांच्या कानाशी म्हणाला, "सर, श्रद्धाची बॅग हलवलीत म्हणे. बरं केलंत. तिची आज दुपारी कागदपत्र पडताळणी आहे. दहावीपासूनची सगळी मूळ प्रमाणपत्रं त्यात आहेत. कागद नसले तर निवड रद्द. आत्ता रूमवर तयार व्हायला गेलीय, येईल बॅग न्यायला." आणि तो शांतपणे आपल्या भूगोलाकडे परत गेला.

बद्रीनाथांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ते उठून बाहेर आले. मांडणीवर चपला होत्या, सँडल होत्या, एक छत्रीही होती. बॅग नव्हती.

त्यांनी छत्री उचलून तिच्याखालीही पाहिलं.

कुणीही शहाणा माणूस आत जाऊन विचारता, "बाबांनो, बॅग कुणी पाहिली का?" पण आत 'शांतता राखा' अशी पाटी होती, तीही त्यांनीच लावलेली. आणि विचारलं तर सगळ्या माना एकदम वर होतील आणि त्या सगळ्या डोळ्यांना कळेल की सरांनी एका मुलीचं आयुष्य चपलांच्या मांडणीवर ठेवलं. या कल्पनेनेच ते जिना उतरून खाली आले.

खाली गेनबा, मंडळाचा राखणदार, उन्हात पाय पसरून बसला होता. कुणी निळी बॅग घेऊन गेलं का, असं बद्रीनाथांनी विचारलं.

"फैझल गेला की मघाशी. दोन बॅगा हुत्या, येक पाठीवर, येक हातात. सोलापूरला घरी चाललोय म्हनला, स्वारगेटवरनं."

दोन बॅगा. फैझलचीही बॅग निळी, शिखरवाली. पोराने घाईत आपली म्हणून दुसरीही उचलली असणार. बद्रीनाथांनी रिक्षा थांबवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी रिक्षावाल्याला "जरा लवकर" असं सांगितलं. रिक्षावाला म्हणाला, "आजोबा, पुढे सिग्नल आहे. त्यालाही सांगा."

रिक्षात त्यांनी यमुनाबाईंना फोन लावला. कशासाठी, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

"उचललीत का बॅग?" यमुनाबाईंनी विचारलं.

"उचलली."

"मग?"

"ती गेली."

पलीकडे थोडा वेळ मेथीच्या जुड्यांची सळसळ ऐकू आली. "तुम्ही जाऊ नका म्हणजे झालं," त्या म्हणाल्या. "गोळी घेतलीत का?"

स्वारगेट येईपर्यंत बद्रीनाथांनी श्रद्धाचं पुढचं सगळं आयुष्य पाहून घेतलं. वाशीमजवळचं तिचं गाव, ओसरीवर बसलेले वडील, निवड झाली म्हणून वाटून झालेले पेढे. मग ती रिकाम्या हाताने परत जाते आणि वडील विचारतात, बॅग कुणी उचलली? आणि ती म्हणते, सरांनी. दर सिग्नलला वडील हाच प्रश्न विचारत आणि त्यांचा आवाज चढत जाई.

सोलापूरची गाडी सुटायच्या बेतात होती. फैझल खिडकीशी बसला होता, एक निळी बॅग मांडीवर, दुसरी वरच्या फळीवर. बद्रीनाथ कसेबसे आत चढले आणि दांड्याला धरून उभे राहिले. ते खोकले.

फैझल ताडकन उठला. "सर? तुम्ही इथे?"

"बॅग," बद्रीनाथ म्हणाले. "तुझ्याकडे दोन आहेत. एक... श्रद्धाची आहे. उघडून दाखव."

पुढच्या बाकावरच्या माणसाने शेजाऱ्याला काहीतरी सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "चोरीची दिसतेय. नाव काय पोराचं?" फैझलच्या चेहऱ्यावरचं हसू कुणीतरी दिवा मालवावा तसं गेलं. त्याने मांडीवरची बॅग उघडली. पुस्तकं. फळीवरची काढून उघडली. आठवड्याचे मळलेले कपडे आणि आईचा रिकामा डबा.

बद्रीनाथांना आता श्रद्धापेक्षाही मोठी भीती वाटली. भरल्या गाडीत आपण या पोराला काय करून ठेवलं! ते मागे वळले आणि ग्रंथालयात कधी निघाला नव्हता तो आवाज त्यांच्या गळ्यातून निघाला.

"याने काहीही घेतलेलं नाही. बॅग मी उचलली. चोर असेल तर मीच आहे."

वाहकाने घड्याळ पाहिलं. "मग चोराने खाली उतरावं," तो म्हणाला. "गाडी सुटायची वेळ झाली."

बद्रीनाथ उतरले. मागे वळून पाहतात तो दोन्ही शिखरं घेऊन फैझलही उतरलेला.

"अरे, तू जा. घरी वाट बघत असतील."

"अम्मी कपड्यांची वाट बघत नाही, सर. पुढची गाडी आहे." त्याने त्यांचा दंड धरला. "चला, रिक्षा करू."

बद्रीनाथ माफ कर म्हणाले. रस्त्याच्या आवाजात ते ऐकू गेलं नसावं, म्हणून पुन्हा म्हणाले. "ऐकलं, सर," फैझल म्हणाला. "पहिल्यांदाच ऐकलं."

रिक्षात त्याने श्रद्धाला फोन लावला, मग सुदर्शनला. दोन्ही बंद. "आत बसलं की फोन बंद ठेवायचा," तो म्हणाला. "नियम तुमचाच आहे." बद्रीनाथांनी डोळे मिटून घेतले. आपण आजवर किती नियम केले आहेत, ते त्यांना आठवेना.

अभ्यासिकेचा जिना त्यांनी फाशीचा तख्ता चढावा तसा चढला. तिसऱ्या पायरीवर राधा पुन्हा पुस्तक घेऊन उभी होती. आणि दारात, इस्त्रीचा ड्रेस घातलेली, केस नीट बांधलेली श्रद्धा. पाठीवर निळी बॅग.

"सर, कुठे होतात?" ती म्हणाली. "तुम्हाला नमस्कार करून निघायचं म्हणून थांबले. आता उशीर व्हायला लागला."

बद्रीनाथ बॅगेकडे बघत राहिले. "ही... कुठे होती?"

"कुठे म्हणजे? खुर्चीवर. ठेवली होती तिथेच." ती वाकली आणि तिने नमस्कार केला. "रूमवर आम्ही सहा जणी, सर. कुणाचं काय कुठे जाईल, नेम नसतो. म्हणून कागदपत्रं मी इथेच ठेवते. इथे बॅगेला कुणी हात लावत नाही."

राधा पुस्तकात एवढी खाली वाकली की अक्षरांना नाक लागलं असतं. बद्रीनाथांच्या सगळं ध्यानात आलं. ते वर्तमानपत्राआड ऐट मिरवत होते तेव्हाच या पोरीने बॅग मांडणीवरून काढून आणली, पायाशी धरून बसली, आणि ते जिना उतरताच बॅग खुर्चीवर ठेवून स्वतः पायरीवर परत गेली. एका शब्दानेही शांतता न मोडता.

त्यांनी कबुली द्यायला तोंड उघडलं. पण खोकलाच आला.

"काळजी घ्या, सर," श्रद्धा म्हणाली आणि राधाकडे वळली. "अगं, अशी काय उभी? मी आज येत नाही परत. माझी जागा घे." फैझल म्हणाला, रिक्षा खाली उभीच आहे, तुला सोडतो आणि मी स्वारगेटला जातो. दोघं खडाखडा जिना उतरले. दोन पाठी, दोन निळी शिखरं, आणि तिसरं फैझलच्या हातात.

बद्रीनाथ आत आले. कधी एकदा बसतो असं झालं होतं. त्यांच्या खुर्चीवर पाण्याची एक बाटली होती.

ते घाबरून इकडेतिकडे पाहू लागले. सुदर्शनने भूगोलातून डोकं वर काढलं.

"राधाने ठेवलीय," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तुमची जागा जाईल म्हणून. तुम्हाला जाऊन तासाच्या वर झालं, सर. नियमाप्रमाणे विचार करण्यात आला. पण उचलायची कुणाची हिंमत झाली नाही."

बद्रीनाथांनी बाटली उचलली, मांडीवर घेतली आणि बसून राहिले. संध्याकाळी घरी यमुनाबाईंनी विचारलं, बॅगेचं काय झालं. श्रद्धाचा फोन आला होता, कागद मंजूर झाले, असं त्यांनी सांगितलं आणि बाकीचं सांगायची वेळ आली तेव्हा ते खोकू लागले.

दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेतून चहा प्यायला खाली उतरताना मात्र ते दारातून परत फिरले. सूचनेखाली उभं राहून त्यांनी कुणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि आपल्या खुर्चीवर रुमाल टाकला.