सुधींद्रमास्तर कासवांना रानटी करतात

सुधींद्रमास्तरांनी नोकरीभर धारवाडची द्वाड पोरं माणसात आणली होती. निवृत्तीनंतर कासवांना माणसांतून उठवायचं काम आलं, तेव्हा ते बायकोला, हेमावतीबाईंना, म्हणाले, "त्यात काय मोठं? महिन्याभरात पक्की रानटी करून दाखवतो!"

कासवं होती पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेली, चोरट्यांच्या पोत्यांतून सोडवलेली. शुभ म्हणून लोकांनी घरोघर नेऊन ती रानातून पार संपवत आणलेली! रानाची सवय लागावी म्हणून वनखात्यानं केलगेरीपलीकडच्या माळावर त्यांना जाळीच्या कुंपणात ठेवलं होतं आणि राखणीला मास्तर. नियम कडक. त्यांच्याशी बोलायचं नाही, लाडाचं नाव द्यायचं नाही, खायला तर मुळीच घालायचं नाही. माणूस दिसताच कासव अंग चोरून बसलं, तर त्याला रान. जवळ आलं, तर जन्मभर पिंजरा!

मास्तर नियमाला पक्के. डबासुद्धा कासवांकडे पाठ करून खात. अडचण एकच, चित्राहुतीची. जेवणाआधी चित्रगुप्त-यमाच्या नावानं पानाबाहेर ठेवलेला तो चिमूट चिमूट भात पायदळी येता कामा नये. आणि माळावर तर गुरं फिरतात, माणसं फिरतात. कुणाचा पाय पडणार नाही अशी जागा एकच: जाळीच्या आत! मास्तर रोज पळसाच्या पानावर चित्राहुती घालत, पान जाळीखालून आत सारत आणि निर्धास्त जेवत. भात मुंग्या नेत असतील, अशी त्यांची समजूत.

परीक्षेच्या दिवशी वनाधिकारी जयतीर्थ आले. ते कुंपणात शिरले मात्र, सगळी कासवं मान-पाय आत घेऊन दगड झाली.

"शाब्बास की हो, मास्तर! उद्याच सोडू!"

मास्तरांची छाती फुगली. तेवढ्यात कौतुक बघायला आलेल्या हेमावतीबाईंनी कुंपणाबाहेर डब्याचं झाकण उघडलं. खट्ट!

दगडांना पाय फुटले! कासवं धावली. हो, धावली! पंगतीला उशीर झाल्यासारखी जाळीकडे सुटली. वाटेत जयतीर्थ उभे. सगळ्यांत मोठी कासवीण सरळ त्यांच्या बुटावर चढली.

"अंबूताई, मागं हो!" मास्तर ओरडले.

"अंबूताई? यार्री अवरु? कोण त्या?"

"आमची... आत्या."

"मास्तर, तुम्ही यांना खायला घातलंत!"

"शपथ नाही! मी चित्रगुप्ताला घातलं, यमाला घातलं. त्यांचं यांनी खाल्लं, त्याला मी काय करू?"

जयतीर्थांनी खिशातून वही काढली. तसे मास्तरांचे डोळे भरून आले. "साहेब, चूक माझी. यांना पिंजरा नको. हवं तर मला कोंडा."

जयतीर्थांना हसू आवरेना. "ही माणसाला भितात की. भीत नाहीत ती डब्याला. तुम्ही माळाकडे फिरकू नका, म्हणजे विसरतील."

आणि खरंच विसरली. मास्तर घरी बसले आणि कासवं सुधारली. सोडायच्या दिवशी मास्तरांना लांब, झुडपाआड उभं केलं होतं. अंबूताई गवतात शिरली, ती मागं न बघता.

"एकदा मान वळवली असती तर काय बिघडलं असतं?" असं म्हणून मास्तर तोंड फिरवून उभे राहिले. आनंदही झाला होता आणि रडूही येत होतं.

हेमावतीबाईंनी जयतीर्थांना बाजूला घेतलं. "साहेब, कासवांचं छान झालं हो. आता यांचं सांगा. घरी बसल्यापासून कुणाशी बोलत नाहीत, हाक मारली तरी येत नाहीत आणि पाहुणा दिसला की अंग चोरून बसतात."

जयतीर्थ गंभीर झाले. "हळूहळू घ्या, अक्का. एकदम माणसांत सोडू नका."