पाणी उकळण्याची भावनिक बाजू

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या वुल्फ बेंड या गावात नळाचं पाणी बिघडलं, तेव्हा नगरपरिषदेच्या चिटणीस लॉर्ना फ्रीसन यांनी गावाच्या समाजमाध्यमी पानावर रीतसर सूचना टाकली : पाणी उकळूनच प्यावे. संध्याकाळपर्यंत ती चौघांना दिसली. त्यातल्या एक स्वतः लॉर्नाबाई होत्या.

त्यांनी ते पान चालवणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला.

"मॅडम, तुमची सूचना आमच्या यंत्रणेने तपासली," पलीकडचा तरुण अदबीने म्हणाला. "तिच्यात भावना नाही."

"अहो, पाणी उकळायची सूचना आहे ती!"

"पाणी उकळतंय हो, पण माणसं उकळत नाहीयेत. माणसं उकळली की आम्ही सगळ्यांना दाखवतो."

लॉर्नाबाई तीस वर्षं सरळ मजकूर लिहीत आल्या होत्या. पण शेजारच्या ॲग्नेसचं वय, शाळेतली पोरं, सगळं डोळ्यांपुढे आलं. मन घट्ट करून त्यांनी लिहिलं : 'नदीपलीकडच्या लोकांना साधं पाणी उकळता येत नाही, असे परिषदेच्या निदर्शनास आले आहे.'

तासाभरात सगळं गाव पानावर हजर झालं. लॉर्नाबाईंना हायसं वाटलं.

"आमच्या तीन पिढ्या पिरोगीच्या करंज्या उकळताहेत!" नदीपलीकडून गर्जना झाली.

"म्हणूनच त्यांचा लगदा होतो," अलीकडून उत्तर गेलं.

किटलीसोबत फोटो पडू लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी कुणीतरी शोध लावला, की हे उकळणं म्हणजे वीजबिल वाढवायचा परिषदेचा डाव आहे. हा मजकूर यंत्रणेला इतका भावला, की तो सर्वांना सर्वांत वर दिसू लागला. निषेध म्हणून निम्मं गाव चौकात जमून नळाचं थंड पाणी प्यायलं. उरलेल्या निम्म्यांनी त्याचं चित्रीकरण पाहिलं.

दोन दिवसांत दवाखान्यात खाट मिळेना. ॲग्नेसच्या हाताला सलाईन होतं. दुसऱ्या हातात फोन.

"अगं, तू तर माझ्या बाजूची ना? मग उकळलं का नाहीस?" लॉर्नाबाईंनी विचारलं.

"वेळ कुठे होता गं? तुझीच बाजू मांडत होते दिवसभर," ॲग्नेस म्हणाली. "जरा सरक, शेजारच्या खाटेवरचा काय लिहितोय ते दिसत नाहीये."

शेवटी लॉर्नाबाई पायी निघाल्या. दारोदार जाऊन तोंडाने सांगू लागल्या. लोकांनी दारं उघडली, त्यांना ओळखलं आणि सुनावलं, "तूच ना ती पिरोगीवाली?" पुढचं कुणी ऐकून घेतलं नाही. घरी येऊन त्या पायरीवर बसल्या आणि रडल्या. कंपनीने त्यांना अभिनंदनाचा संदेश पाठवला होता : आपले पान प्रांतात सर्वाधिक जिवंत ठरले आहे.

पुढे पाणी शुद्ध झालं. तशी सूचना लागली, ती अर्थातच कुणाला दिसली नाही. गाव बरं होऊन घरी आलं आणि भांडण पुढे चालू राहिलं.

पाणी मुळात कशाने बिघडलं होतं, हे मात्र वुल्फ बेंडमध्ये एकानेही विचारलं नाही. वाचकहो, भांडण रंगात आल्यावर तुम्हीही नाहीच विचारलंत.