गोदावरीबाईंच्या पातेल्यातला धूर

मुलांनो, समजा साकोलीत, शाळेच्या अगदी फाटकासमोर, तुमचं एक दुकान आहे. चकचकीत बरण्या, चॉकलेटं, वह्या, पेनं, सगळं आहे. फक्त पोरांचं गिऱ्हाईक नाही! आणि रस्त्यापलीकडे एक आजी शेगडीवर पातेलं ठेवून बसते, तर तिच्याभोवती पोरांची ही झुंबड! पोटात कसं होईल? गरम तेलात मोहरी पडल्यासारखं ना? बस्स! अस्संच दुकान असलेल्या राजकुमारच्या पोटात हिवाळा लागल्यापासून तेच चाललं होतं.

पलीकडची आजी म्हणजे गोदावरीबाई. तिच्यावर मात करायला राजकुमारने काय नाही केलं! रंगीत दिवे लावले. पेन्सिलीवर खोडरबर फुकट दिलं. पोरं खोडरबर खिशात घालत आणि धूम पलीकडे! सगळ्यांच्या पुढे कोण? त्याचीच पाचवीतली लेक, रुचिका!

"काहून वं, आपल्या दुकानात खायले काही नाई का?"

"हाय नं, बाबा. पण आजीकडे मजा येते!"

मजा! राजकुमारला तो शब्द लवंगी मिरचीसारखा झोंबला.

"त्या बुढीचा ठेला उठवूनच दाखवतो!" त्याने बरण्यांना बजावलं. दुसरं ऐकायला दुकानात होतं कोण!

ती पलीकडे विकते तरी काय, हे पाहायला मात्र तो एकदाही गेला नव्हता. जळणारा माणूस लांबूनच जळतो.

एका कडाक्याच्या सकाळी त्याने मान उंच करून पाहिलं आणि तो ताडकन उभाच राहिला. पोरं काहीतरी काळं, टोकदार तोंडाशी नेत होती, दातांत धरत होती आणि भक्कन धूर सोडत होती! रुचिकाच्या तर नाकातूनसुद्धा!

नुकताच त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता. ई-सिगारेट म्हणे हल्ली पेनासारखी येते, लिपस्टिकसारखी येते, ओळखूच येत नाही.

"म्हणजे आता काळी टोकदारबी निघाली!" राजकुमार ओरडला.

खरं सांगू? आधी त्याला आनंद झाला. लेकीची काळजी दुसऱ्या नंबरावर आली.

त्याने लगेच पोलीस ठाण्यात फोन लावला. "म्याडम, शाळेसमोर ई-सिगारेट विकून राहिले! लहान लहान पोरांले!"

जीप आली. त्यातून फौजदार राखी मॅडम उतरल्या. राजकुमार अंतर मोजायचा लांबलचक टेप घेऊन स्वतःच हजर!

"म्याडम, ई-सिगारेट तं देशात कोणालेच विकता येत नाई! अन् तंबाखू अठराच्या आतल्या पोराले नाई, शाळेपासून शंभर यार्डात नाई! मोजा तुम्ही!"

"कायदा पाठ हाय की तुमचा," मॅडम कौतुकाने म्हणाल्या आणि पातेल्यावरचं झाकण उचललं. वाफेचा ढग उठला. त्यांनी आत डोकावून पाहिलं.

"अहो भाऊ, हे तं उकडलेले शिंगाडे हायेत!"

"फोडून पाहा, म्याडम! आत बॅटरी असन!"

मॅडमनी एक फोडला. वाफ निघाली, पांढराशुभ्र गर निघाला. तो त्यांनी तोंडात टाकला, हाश्शहुश्श करत चावला आणि त्यांच्याही तोंडातून भक्कन तसाच वाफेचा धूर निघाला.

"बॅटरी गोड हाय!"

पोरं खिदळायला लागली. गोदावरीबाईंनी पदर तोंडाला लावला. "बाप्पा बाप्पा! राजकुमार, तलावातले शिंगाडे होय रे ते. एक दिवस येऊन खायचा होता नं."

राजकुमारचा चेहरा शिंगाड्याच्या सालीसारखा झाला. पण हार मानेल तर तो राजकुमार कसला!

"असन शिंगाडा! पण नियम म्हणजे नियम! उद्या ही तंबाखू विकन! म्हणून म्हणतो, मोजा!"

"मोजू नं," मॅडम म्हणाल्या. "पण तुमच्या गालात काय हाय?"

"हा? हा तं खर्रा हाय!"

"अन् तुमच्या दुकानात त्या लटकलेल्या पुड्या?"

"त्याबी खर्ऱ्याच्याच. घ्या नं, ताजा घोटला हाय!"

"खर्‍र्‍यात काय काय असते, भाऊ?"

"सुपारी... चुना... अन्..." राजकुमारचा आवाज बारीक बारीक होत गेला. "थोडासा तंबाखू."

पोरांनो, आपल्याकडे खर्रा इतका घरचा झालाय की तो तंबाखू आहे हेच माणूस विसरतो! मॅडमनी राजकुमारच्याच हातातला टेप घेतला. फाटकापासून त्याच्या दुकानापर्यंत तो नीट उलगडावाही लागला नाही. पुड्या जप्त झाल्या, दंडाची पावती फाटली, जीप गेली.

राजकुमार दुकानासमोरच्या बाकावर मटकन बसला. खर्रा खाणाऱ्यांनीच भरायचा तो बाक. आता तिथे तो एकटाच. इतक्यात रुचिका मैत्रिणींना घेऊन धावत आली. राजकुमारचा ऊर भरून आला. शेवटी पोर आपलीच! अवघ्या गावासमोर ती बापाकडे आली होती, आजीकडे नाही!

"बाबा, जरा उठता का?"

तो उठला, तिला जवळ घ्यायला दोन्ही हात पसरून.

रुचिकाने एका बाजूने बाक धरला, मैत्रिणींनी दुसऱ्या बाजूने. हय्या हुप्पा करत त्यांनी तो रस्त्यापलीकडे नेला आणि गोदावरीबाईंच्या शेगडीसमोर मांडला. सगळ्या दाटीवाटीने बसल्या. मग रुचिकाने सरकून कोपऱ्यात वीतभर जागा केली, तिच्यावर तळहात ठेवला आणि अख्ख्या साकोलीला ऐकू जाईल अशी हाक मारली,

"बाबा, या नं! जागा धरून ठेवली! पण गालातलं पहिले थुकून या!"