समुद्राकाठी आपलं माणूस

एका जंगलात, मुलांनो, बारावीचा निकाल लागला होता. (मोबाईल खाली ठेवा, मग पुढचं सांगते.) शलाका नावाच्या सायाळीला ब्याण्णव टक्के पडले. आनंदाने तिचे काटे ताठ उभे राहिले आणि अभिनंदनाला आलेले दोन शेजारी जखमी झाले.

आता कॉलेज निवडायचं होतं. उत्तरेत बर्फातलं, पूर्वेत दलदलीतलं, पश्चिमेत वाळवंटातलं आणि दक्षिणेत समुद्राकाठचं. शलाकाने समुद्र कधी पाहिला नव्हता. तिला लाटांचं शास्त्र शिकायचं होतं. त्या नुसत्या विचाराने तिला जेवण जात नव्हतं.

फॉर्मची मुदत संपायच्या दिवशी बिळात बैठक बसली.

तिचे आबा म्हणाले, "समुद्र चांगलाच गं. पण तिथे आपलं कोण आहे?"

"कोण्णी नाही!" शलाका उड्या मारत म्हणाली.

इथेच चुकलं तिचं. उत्तरेत आत्याच्या जावेची बहीण राहायची. आबांनी उत्तरेपुढे खूण करायला पेन्सिल उचलली. बर्फात कुठल्या आल्यात लाटा? शलाका ढसाढसा रडली.

इतक्यात एक म्हातारं कासव पाणी मागायला दारात आलं. ते दक्षिणेचं होतं आणि घरी परत निघालं होतं. शलाकाने डोळे पुसले आणि आईला ढोसलं. आईचा लौकिकच असा, की तीन प्रश्नांत ती कुणाशीही नातं काढायची.

"मूळ गाव कुठलं हो तुमचं?"

"पाणथळवाडी."

"आणि आजोळ?"

"खडकडोह."

"अगंबाई! मग तिथल्या सोनूताई तुमच्या कोण?"

"मामी."

"सोनूताईंनी तर आमच्या ह्यांच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात! अहो, हे आपले मामा निघाले!"

आबांनी दक्षिणेपुढे खूण केली. सगळे नाचले, पण काट्यांमुळे आपापल्या कोपऱ्यात.

"पोरीला एकटी सोडू नका हं," आईने मामांना बजावलं. मामांनी नाही सोडलं. ते तिला घेऊन पायी निघाले. वाटेत दर तळ्याला मामांचं कुणी ना कुणी होतं. चहा न घेता पुढे गेलं तर काय म्हणतील?

कॉलेजात पोचले तेव्हा पदवीदान चालू होतं.

"तुमची बॅच आजच पास झाली," ऑफिसातला खेकडा म्हणाला. "नवा फॉर्म भरा."

शलाकाला काही ऐकू आलं नाही. समोर समुद्र होता! खराखुरा! ती वाळूत लोळली, लाटेला घाबरून पळाली, परत गेली, परत पळाली. एवढा आनंद तिला ब्याण्णव टक्क्यांचाही झाला नव्हता. मग तिने नवा फॉर्म घेतला आणि घरी कळवलं, "पोचले."

ही तिची दुसरी चूक.

आठ दिवसांत जंगलातल्या सतरा पोरांनी दक्षिणेपुढे खूण केली. सगळ्या आया म्हणत होत्या, "काळजी कसली? तिथे आपली शलाका आहे ना!"

सतरा पोरं बसने आली, लोणच्याच्या बरण्या घेऊन. ती रोज लाटांचं शास्त्र शिकायला जातात. शलाका सतरा डबे भरते आणि दारातून ओरडते, "सातच्या आत घरी या रे!" तिचा स्वतःचा नवा फॉर्म द्यायच्या दिवशी तिचे हात कणकेत होते, तो राहूनच गेला.

तात्पर्य : मुलांनो, शिकायला खुशाल लांब जा. फक्त तिथे जाणारे पहिले होऊ नका, दुसरे व्हा. पहिल्याला स्वयंपाक करावा लागतो.